मंडाले : लेखणीची कैद आणि अफवेची मोकळीक

मंडाले हे नाव मराठी माणसाला शाळेतच भेटते. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा सुनावली. ती त्यांनी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात भोगली. उर्दू वाचणाऱ्याला त्याच देशातले दुसरे एक गाव अधिक ओळखीचे असते, ते म्हणजे रंगून. १८५७ च्या उठावानंतर शेवटचे मोगल बादशहा आणि शायर बहादूरशहा जफर यांना इंग्रजांनी तेथे नेऊन ठेवले. त्यांच्या हाती कागद, कलम, दौत पडू नये अशी सक्त व्यवस्था होती. १८६२ मध्ये तेथेच त्यांचा इंतकाल झाला.

म्हणजे सत्तेला नकोशी झालेली लेखणी जेथे पाठवायची, तो देश अशी ब्रह्मदेशाची आपल्या इतिहासात ओळख आहे. टिळक जून १९१४ मध्ये सुटले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १ जुलै २०१४ रोजी, त्याच मंडाले शहरात फेसबुकवरील एका खोट्या बातमीने दंगल पेटली. एक मुसलमान आणि एक बौद्ध अशी दोन माणसे मारली गेली. शंभर वर्षांपूर्वी येथे लिहिणारा कोंडला गेला होता. आता खोटे लिहिणारा मोकळा होता आणि त्याला अडवू शकणारी व्यक्ती हजारो मैलांवर बसली होती.

समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे नेहमी दोन टोकांना होते. एक म्हणतो सगळे बोलू द्या, दुसरा म्हणतो बंदी घाला. म्यानमारचा, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाचा, अनुभव या दोघांनाही अडचणीत आणणारा आहे. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

१९३८ : एक पुस्तक आणि काही वृत्तपत्रे

ब्रह्मदेशात मुसलमानांविरुद्धचा राग फेसबुकने जन्माला घातला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इंग्रजांच्या राज्यात रंगून हे हिंदुस्थानी लोकांचे शहर बनले होते. १९३१ च्या जनगणनेत शहरातले निम्म्याहून अधिक रहिवासी हिंदुस्थानी होते. गोदीतला हमाल, सावकार, व्यापारी, सरकारी कारकून असे सगळेच बाहेरून आलेले. स्थानिक माणसाच्या मनात त्याची चीड साठत होती. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा करण्यात आला, तरी ती चीड ओसरली नाही.

१९३१ मध्ये एका बर्मी मुसलमानाचे एक पुस्तक छापले गेले होते. त्यात बौद्ध धर्माविषयी अवमानकारक मजकूर होता. कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुलै १९३८ मध्ये मात्र काही वृत्तपत्रांनी ते शोधून काढले, त्यातील उतारे छापले आणि रोज त्यावर लिहायला सुरुवात केली. २६ जुलैला रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याजवळ सभा झाली. सभेनंतर जमाव मुसलमान व्यापाऱ्यांच्या सुरती बाजाराकडे निघाला आणि दंगल उसळली. ती पुढे गावोगाव पसरली.

सरकारने न्यायमूर्ती ब्राउंड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. जमीन, रोजगार, बर्मी स्त्रियांचे हिंदुस्थानी पुरुषांशी होणारे विवाह अशी खोलवरची कारणे आधीपासून होती. आणि भडका उडवण्यात वृत्तपत्रांच्या एका गटाचा मोठा दोष होता. वाळलेले गवत वेगळे आणि काडी वेगळी. काडी लावणाऱ्याला गवत वाळल्याची सबब सांगता येत नाही, तसेच केवळ काडी हिसकावून घेतल्याने गवत हिरवे होत नाही. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

पन्नास वर्षांचे मौन आणि दीड डॉलरचे सिमकार्ड

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी लष्करी सत्ता आणली. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे त्या देशात छापण्यापूर्वी मजकूर सरकारला दाखवावा लागे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने राखाइन प्रांतातील रोहिंग्या मुसलमानांना व्यवहारात देशहीन करून टाकले. या काळात सरकारी बातमी खोटी असते हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे कानोकान आलेली बातमी हीच खरी, अशी लोकांची सवय झाली. सेन्सॉरशिपचा हा परिणाम आपण विसरतो. ज्या समाजाला पन्नास वर्षे वेगवेगळी वृत्तपत्रे पडताळून पाहता आली नाहीत, त्या समाजाची खरे-खोटे पारखण्याची सवयच मोडते.

२० ऑगस्ट २०१२ रोजी ही पूर्वतपासणी रद्द झाली. त्या आधी, २०११ मध्ये, शंभरात जेमतेम एक माणूस इंटरनेट वापरत होता. फोनच्या सिमकार्डासाठी एके काळी हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागत. ऑगस्ट २०१४ मध्ये कतारची ऊरेडू कंपनी बाजारात उतरली आणि सिमकार्ड सुमारे दीड डॉलरला मिळू लागले. पाठोपाठ नॉर्वेची टेलिनॉर आली. फोन विकणारा दुकानदारच गिऱ्हाइकाला फेसबुकचे खाते उघडून देई. २०१६ मध्ये फेसबुकने एका स्थानिक दूरध्वनी कंपनीबरोबर अशी योजनाही आणली की डेटाचे पैसे न देता फेसबुक पाहता येईल. तेथील सामान्य माणसासाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक झाले. सिमकार्ड स्वस्त झाले, पण पारख करण्याची सवय अशी दीड डॉलरला मिळत नाही.

जानेवारी २०१२ च्या सार्वत्रिक माफीत तुरुंगातून सुटलेल्या दोन व्यक्तींची तुलना येथे करण्यासारखी आहे. एक होते आशिन विराथू हे बौद्ध भिक्षू. मुसलमानविरोधी चिथावणीबद्दल २००३ मध्ये त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. दुसरे होते ने फोन लात हे तरुण ब्लॉगलेखक. लष्करी राजवटीने २००८ मध्ये त्यांना वीस वर्षांहून अधिक काळासाठी तुरुंगात धाडले होते. सुटल्यावर दोघांनी फेसबुकचा उपयोग केला. विराथू यांनी मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याची ‘९६९’ चळवळ पुढे नेली. मार्च २०१३ मध्ये मेइकटिला शहरात चाळीसहून अधिक लोक मारले गेले, त्यात बहुसंख्य मुसलमान होते. ने फोन लात यांनी २०१४ मध्ये ‘पान्झागार’ ही मोहीम सुरू केली. तोंडात फूल धरलेला फोटो टाकायचा आणि द्वेषाचे शब्द ओठावर येऊ देणार नाही असे जाहीर करायचे, असा तिचा प्रकार होता. स्वतः बौद्ध बहुसंख्याक समाजातल्या तरुणांनी हे केले, ही गोष्ट आपण मुसलमान वाचकांनी आवर्जून नोंदवून ठेवली पाहिजे.

चहाच्या दुकानाची गोष्ट

जून २०१४ च्या अखेरीस एका संकेतस्थळावर मजकूर आला की मंडालेतील चहाच्या दुकानाच्या मुस्लिम मालकाने आपल्या बौद्ध नोकर मुलीवर बलात्कार केला. विराथू यांनी तो दुकानाच्या नावासह फेसबुकवर पुढे पाठवला. जमाव जमला, दगडफेक झाली, दोन जीव गेले, संचारबंदी लागली. अध्यक्षांच्या कार्यालयाने फेसबुक कंपनीशी संपर्क साधण्याची खटपट केली. वेळेवर उत्तर मिळेना, तेव्हा शहरात फेसबुकच बंद करण्यात आले आणि वातावरण निवळले. बलात्काराचा आरोप खोटा होता, हे पुढे तपासात उघड झाले.

त्या वेळी बर्मी भाषेतला मजकूर तपासणारी किती माणसे फेसबुकजवळ होती? एक. ती व्यक्ती आयर्लंडमधील डब्लिन शहरात बसत असे. २०१५ च्या सुरुवातीला अशी दोन माणसे झाली. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण काय कुजबुजला हे एका शिक्षकाला कळत नाही. येथे तर वापरणाऱ्यांची संख्या २०१८ पर्यंत सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर गेली. मे २०१५ मध्ये यांगूनमध्ये काम करणारे डेव्हिड मॅडन यांनी कंपनीच्या अमेरिकेतील मुख्यालयात जाऊन स्पष्ट बजावले की, १९९४ च्या नरसंहारात रवांडात रेडिओने जे केले ते म्यानमारमध्ये फेसबुक करू शकेल. इशारा देणारे ते एकटे नव्हते.

कंपनी सांगत असते की आम्ही केवळ माध्यम आहोत. पोस्टमन पत्र वाचत नाही, त्यातल्या शिवीची जबाबदारी त्याच्यावर नसते, हे खरे. परंतु फेसबुकचे काम पोस्टमनसारखे चालत नाही. ज्या मजकुरावर लोक अधिक रेंगाळतात, चिडतात, उत्तरे देतात, तो मजकूर यंत्र आणखी लोकांपुढे धरते. हे काम चौकात भडक मथळा ओरडून पेपर खपवणाऱ्याचे आहे. १९३८ मध्ये ब्राउंड समितीने वृत्तपत्रांना दोषी धरताना हाच फरक ओळखला होता.

हरभरा पुसला गेला

मग छाननी वाढवली की प्रश्न सुटतो का? बर्मी भाषेत ‘कलार’ हा शब्द पश्चिमेकडून आलेल्यांसाठी, विशेषतः हिंदुस्थानी वंशाच्या लोकांसाठी, पूर्वापार वापरला जातो. अलीकडे तो मुसलमानांना हिणवण्याची शिवी झाला आहे. २०१७ मध्ये फेसबुकने या शब्दावर गदा आणली. झाले असे की बर्मी भाषेत हरभऱ्याच्या नावात हा शब्द आहे, खुर्चीच्या नावात आहे, पडद्याच्याही नावात आहे. अक्षरे जुळली की मजकूर पुसला जाऊ लागला. या शब्दाचा द्वेषासाठी होणारा वापर चुकीचा आहे असे समजावून सांगणाऱ्यांचे लेखनही त्यात गेले. शिवी देणाऱ्याने नवा शब्द शोधला. अडकले ते बिचारे हरभऱ्याची पाककृती लिहिणारे.

लिपीचाही घोळ होता. म्यानमारमध्ये बहुतेक लोक युनिकोडऐवजी ‘झॉजी’ नावाचा फाँट वापरत. ज्यांनी मराठीच्या जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून अक्षरांचे खोके झालेले पाहिले आहेत, किंवा इनपेजमधला उर्दू मजकूर ई-मेलने पाठवण्याची कसरत केली आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. कंपनीच्या यंत्राला शिवी आणि शुभेच्छा यांतला फरक तर सोडाच, अक्षरेही नीट वाचता येत नव्हती. त्या देशाने युनिकोडकडे अधिकृतपणे वळण्याचा निर्णय १ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आणला. तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते.

कायद्याची बाजूही पाहू. २०१३ च्या दूरसंचार कायद्यातील कलम ६६ (ड) खाली ऑनलाइन बदनामीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. ते वापरले गेले ते मुख्यतः राष्ट्राध्यक्ष, लष्कर आणि मंत्री यांच्यावर टीका करणाऱ्यांविरुद्ध. मुसलमानांच्या दुकानांचे पत्ते छापणारे मोकळे राहिले आणि कवी, पत्रकार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. म्हणजे त्या देशात अभिव्यक्तिस्वातंत्र्य अति झाले होते असेही नाही आणि बंदी कमी पडली असेही नाही. द्वेषाला मोकळीक आणि सत्याला कैद, असे दोन्ही एकाच वेळी चालू होते.

२०१७

२९ जानेवारी २०१७ रोजी यांगूनच्या विमानतळाबाहेर नातवाला कडेवर घेतलेले वकील को नी यांची गोळी घालून हत्या झाली. ते मुसलमान होते, घटनातज्ज्ञ होते आणि आंग सान स्यू ची यांच्या पक्षाचे कायदेविषयक सल्लागार होते. खुन्याचा पाठलाग करणारा टॅक्सीचालकही मारला गेला. हत्येनंतर फेसबुकवर आनंद व्यक्त करणारे थोडे नव्हते.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘अर्सा’ या रोहिंग्या सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले. निरपराधांचा जीव घेणाऱ्या या मार्गाचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्यानंतर लष्कराने संपूर्ण रोहिंग्या समाजावर जी मोहीम उघडली, तिने सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात ढकलली. गावेच्या गावे जाळली गेली. सप्टेंबरमध्ये फेसबुकच्या मेसेंजरवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागले. बौद्धांना सांगितले गेले की ११ सप्टेंबरला मुसलमान हल्ला करणार आहेत, मुसलमानांना सांगितले गेले की बौद्ध हल्ला करणार आहेत. मार्क झुकेरबर्ग यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की आमच्या यंत्रणेने हे संदेश पकडले. त्यावर ५ एप्रिल २०१८ रोजी म्यानमारमधील सहा संस्थांनी जाहीर पत्र लिहून कळवले की तुमची यंत्रणा म्हणजे आम्हीच होतो. आम्ही कित्येक दिवस ओरडत राहिलो तेव्हा तुम्ही हललात. झुकेरबर्ग यांनी त्यांची माफी मागितली.

त्याच सुमारास राखाइनमधील इन दिन गावी दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा शोध घेणारे रॉयटर्सचे दोन बर्मी पत्रकार, वा लोन आणि क्याव सो ऊ, यांना अटक झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना सात वर्षांची सजा झाली. मे २०१९ मध्ये ते सुटले. अत्याचारांची छायाचित्रे टाकणाऱ्या रोहिंग्या कार्यकर्त्यांचे मजकूरही फेसबुकवरून हटवले जात होते. कारण नियमात हिंसेचे चित्र टाकू नये असे होते, आणि ते चित्र गुन्हेगाराचे की फिर्यादीचे हे ओळखणारे पुरेसे कोणी तेथे नव्हते.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने आपले निष्कर्ष जाहीर केले. त्याच दिवशी फेसबुकने सरसेनापती मिन आंग ह्लाइंग यांच्यासह वीस व्यक्ती आणि संस्थांवर बंदी घातली. काढलेल्या पानांना आणि खात्यांना अनुसरणाऱ्यांची संख्या सुमारे एक कोटी वीस लाख होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने कबूल केले की हिंसेसाठी आपल्या माध्यमाचा वापर रोखण्यात आपण कमी पडलो. कबुली आली तेव्हा कॉक्स बझारच्या छावण्या भरून गेल्या होत्या.

आपल्या दारात

म्यानमार दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. मंडालेच्या दंगलीच्या महिनाभर आधी, २ जून २०१४ रोजी, पुण्यात हडपसर येथे एका तरुण मुस्लिम अभियंत्याला जमावाने ठार मारले. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या विकृत केलेल्या चित्रांवरून फेसबुकमुळे वातावरण तापले होते. त्या चित्रांशी त्या तरुणाचा काहीएक संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख पुरेशी ठरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरला एका मुलीने बाळासाहेबांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. त्यांत कोणालाही मारा असे म्हटलेले नव्हते. या प्रकरणातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ (अ) ला आव्हान मिळाले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्यायालयाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : एखाद्या गोष्टीची चर्चा, तिचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन, कितीही अप्रिय असल्या, तरी स्वातंत्र्याच्या कक्षेत येतात. तिसऱ्या पायरीवर कायद्याचा हात पोचतो.

हे माप हाती धरले की बऱ्याच गोष्टी स्वच्छ दिसतात. पालघरच्या ओळी पहिल्या पायरीवरच्या होत्या. मंडालेत दुकानाचे नाव देऊन पाठवलेला खोटा आरोप तिसऱ्या पायरीवरचा होता. पण पायरी ओळखायची कोणी? ‘शांतिदूत’ हा शब्द कोणत्याही मराठी शब्दकोशात चांगलाच आहे. तो आज कोणाला उद्देशून आणि कोणत्या स्वरात वापरला जातो, हे डब्लिनला बसलेल्या माणसाला किंवा यंत्राला कसे कळणार? हे आपल्या बाजूनेही तितकेच खरे आहे. आपल्या उर्दू गटांत प्रश्न विचारणाऱ्या एखाद्या भावाला किंवा बहिणीला ‘गुस्ताख’ म्हटले जाते, तेव्हा त्या एका शब्दात किती धमकी भरलेली असते हे उर्दू न जाणणाऱ्याला उमगणार नाही. आपल्याला उमगते, आणि तरी आपण गप्प बसतो.

आमच्यातले पुष्कळ लोक आपल्या भावना दुखावल्या की बंदीची निवेदने घेऊन जातात आणि आपला मुलगा एका फॉरवर्डसाठी पकडला गेला की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आठवण काढतात. इतर समाजही असेच वागतात, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. म्यानमारचा अनुभव सांगतो की दुखावणाऱ्या शब्दांवर बंदी मागण्याने सत्तेच्या हाती एक जादा काठी जाते आणि ती आधी दुबळ्याच्याच पाठीवर पडते. मागायचेच असेल तर हे मागावे : चिथावणीचा निवाडा आमची भाषा आणि आमची गल्ली जाणणाऱ्या माणसांनी करावा, तो वेळेत करावा, कारण सांगून करावा आणि त्यावर अपील असावे. जानेवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीने अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी तर ही मागणी अधिक जोराने करायला हवी.

आणि काही काम आपल्यालाच करावे लागेल. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारे आपल्यासारखे लोक थोडे आहेत. एका भाषेतली अफवा दुसऱ्या भाषेत जाण्यापूर्वी ती आपल्या हातून जाते. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याने स्वतः पाहिले होते का? नववीच्या मुलाला बखरीपुढे विचारता येणारे हे तीन प्रश्न त्याला मोबाइलपुढेही विचारता आले, तर इतिहास शिकल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच फेसबुक बंद केले. ज्या बहुसंख्य समाजाला लष्कराने रोहिंग्यांविरुद्ध चिथवले होते, त्याच समाजाच्या मुलांवर आता रस्त्यांत गोळ्या चालल्या. त्या दिवसांत अनेक बौद्ध तरुणांनी बंदी चुकवून फेसबुकवर रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. २०१७ मध्ये तुमच्याबद्दल जे सांगितले गेले त्यावर आम्ही विश्वास ठेवला, आता तेच लष्कर आमच्याबद्दल खोटे बोलते आहे, असे त्यांनी लिहिले. ही माफी सर्वांना वाचता आली, कारण बोलण्याची एक फट अजून उघडी होती.